गणपतीला गावी जाताना डब्याचं आधी ठरवा

गणपतीला गावी निघायच्या आधी आठवडाभर घरात याद्या चालू असतात. मखराचं सामान, दिव्यांच्या माळा, काकूची साडी, भाच्यांचे कपडे, आरतीच्या झांजा. गाडीची हवा, टायर, वायपर तपासून होतात. खाण्याचा विषय निघाला की मात्र सगळे एका सुरात म्हणतात, "वाटेत बघू." वाटेत काय बघायला मिळतं ते मुंबई-गोवा रस्त्याने गेलेल्या प्रत्येक चाकरमान्याला ठाऊक आहे. पळस्प्याला गाड्यांची रांग, वडखळला रांग, माणगावला तर इंजिन बंद करून बसायची वेळ. भूक लागते तेव्हा हॉटेल नसतं, हॉटेल येतं तेव्हा उभं राहायला जागा नसते, आणि जागा मिळेपर्यंत आत उरलेली असतात ती गार भजी आणि पाकासारखा चहा.

या रस्त्याचं रुंदीकरण २०११ पासून चाललंय. कशेडीला बोगदा झाला, कुठे कुठे काँक्रीटचा छान पट्टाही लागतो. तरी चतुर्थीच्या आदल्या दोन दिवसांत पनवेल ते सावंतवाडी किती तासांत होईल हे सांगायची कोणाची छाती नाही. म्हणून विनंती अशी, की वाटेवरचं खाणं वाटेवर ठरवू नका. ते आदल्या दिवशी, पोट भरलेलं असताना, घरच्या ओट्यापाशी ठरवा. सहा तास रांगेत अडकलेला माणूस तळणीच्या कढईसमोर उभा राहिला की त्याला कोणताही आहारनियम आठवत नाही, आणि त्यात त्याची फारशी चूकही नसते.

आता डबा म्हटलं की घरातल्या बाईचं काम, असं धरून चालणाऱ्यांसाठी आधीच एक गोष्ट. प्रवासाचा दिवस बऱ्याच घरांत हरतालिकेचा असतो. तिचा उपास, तिनेच बॅगा भरायच्या, तिनेच पहाटे चारला उठून सगळ्यांच्या पोळ्या लाटायच्या आणि वर गाडीत मुलांना भरवायचं, हा हिशोब कुठेच बसत नाही. शेंगदाणे भाजणं, चटणी कुटणं, काकड्या धुऊन पुसून ठेवणं, अंडी उकडणं, पाण्याच्या बाटल्या भरणं, फळं आणणं यातलं एकही काम बाप्यांना आणि कॉलेजातल्या पोरांना न जमण्यासारखं नाही. दशम्या लाटता येत नसतील तर पोळी-भाजी केंद्रातून आणा. पण आदल्या संध्याकाळी आणा.

डब्यात काय न्यायचं हे आपल्याकडे जुन्या माणसांनी कधीच शोधून ठेवलंय. बैलगाडीच्या आणि बोटीच्या प्रवासात फ्रीज नव्हता, म्हणून टिकणारं अन्न करायची रीत पडली. दशमीची कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवतात आणि मोहनही सढळ घालतात. ती मऊ राहते, नुसती खाल्ली तरी चालते, आणि साध्या पोळीसारखी चामट होत नाही. धपाटे, भाजणीचं थालीपीठ, तिखटमिठाच्या पुऱ्या, सांज्याच्या पोळ्या ही सगळी याच घरातली मंडळी. जुनी माणसं दशमी दोन-तीन दिवस पुरवायची. भाद्रपदातल्या दमट हवेत, बंद गाडीत, मी दुसऱ्या दिवशीच्या दुपारपलीकडे तिच्यावर भरवसा ठेवणार नाही. पण पंधरा-सोळा तासांच्या प्रवासाला ती अगदी निर्धास्त न्यावी. थालीपिठात मात्र कांदा आणि ओलं खोबरं नको. कांदा घातलेलं थालीपीठ चवीला कितीही चांगलं असलं तरी दुपारपर्यंत त्याला वास येऊ लागतो.

पदार्थ करण्याइतकंच ते भरणंही महत्त्वाचं, आणि इथेच बहुतेक डबे बिघडतात. गरम पोळी डब्यात घालून झाकण लावलं की आत वाफ धरते, पाणी सुटतं, आणि त्या ओलीवरच बुरशी येते. पोळ्या, दशम्या कापडावर किंवा जाळीवर पूर्ण गार होऊ द्या, मग सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा. वर्तमानपत्रात गुंडाळू नका. छपाईच्या शाईतली रसायनं तेलकट पदार्थात उतरतात, म्हणून देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानेच त्याला मनाई केली आहे. प्रत्येकाचा वेगळा डबा भरलात तर फारच बरं. एका मोठ्या डब्यात सात जणांचे हात गेले की उरलेलं अन्न लवकर आंबतं.

सोबत कोरडी चटणी: शेंगदाण्याची, जवसाची, कारळ्याची, लसणाची. ओल्या नारळाची चटणी कितीही मोह झाला तरी नको. प्रवासात सगळ्यात कमी पडतात ती प्रथिनं, आणि ती कमी पडली की दर तासाला काहीतरी चघळावंसं वाटतं. भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, भाजलेली चवळी किंवा मटकी, तिळाचे लाडू, नाचणीचे लाडू यांनी ते भरून निघतं. उकडलेली अंडी न्यायची असतील तर ती पहिल्या थांब्यालाच संपवा, डब्याच्या तळाशी विसरू नका. उत्सवामुळे घरात अंडं चालत नसेल तर प्रश्नच मिटला.

फळांत केळी, पेरू, मोसंबी. ही फळं घरून सालासकट न्या. रस्त्यावर कापून, मीठ-मसाला भुरभुरवून ठेवलेली काकडी-पपई दिसायला मोहक असते, पण ती कोणत्या पाण्यात धुतली आणि कोणत्या सुरीने कापली याचा पत्ता लागत नाही. अख्खी काकडी आणि एक छोटी सुरी डब्याबरोबर ठेवली की काम भागतं.

भाताबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण "दहीभात नेऊ, पोटाला थंड" हे प्रत्येक घरात कोणीतरी म्हणतंच. तांदळात बॅसिलस सेरेयस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. ते भात शिजवताना मरत नाहीत. शिजलेला भात कोमट अवस्थेत तासन् तास राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात. त्यातलं उलट्या करायला लावणारं विष भात पुन्हा गरम करूनही जात नाही. शिजवलेलं ओलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सियस या तापमानात दोन तासांहून जास्त राहू नये, असं अन्न सुरक्षेचं साधं गणित आहे. रांगेत एसी बंद करून उभ्या असलेल्या गाडीत तर तासाभरातच धोका सुरू होतो. पहाटे पाचला कालवलेला दहीभात दुपारी एकला लांज्याजवळ उघडणं म्हणजे गणपतीची पहिली आरती न्हाणीघरातून ऐकण्याची तयारी. भात, पातळ भाजी, दुधाची खीर, पनीर, मेयोनीज लावलेली सँडविचं, यांतलं काहीही लांबच्या डब्यात नको. दही-ताक हवंच असेल तर वाटेत सीलबंद आणि थंड मिळतं, ते घ्या आणि तिथेच प्या.

म्हणजे हॉटेलात जाऊच नये का? असं कोण म्हणतं! कोकणच्या वाटेवर वडा खाल्ला नाही तर गावी पोचल्यासारखं वाटत नाही, हे मलाही मान्य आहे. वडा खा. एक खा, आणि तुमच्यासमोर कढईतून निघालेला खा. कढईकडे एकदा नजर टाका. तेल काळं-दाट झालंय, धूर सोडतंय, वर फेस धरलाय, तर तिथून निघा. तळणीचं तेल किती वेळा वापरावं यालाही कायदा आहे: वारंवार तापवून तेलात तयार होणारे ध्रुवीय घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. रस्त्यावर ते मोजायला आपल्याकडे यंत्र नाही. डोळे आणि नाक मात्र आहेत.

हॉटेल निवडताना पाटीपेक्षा गर्दी आणि भटारखाना बघावा. जिथे माल सतत संपतोय तिथे शिळं उरत नाही. मागवताना वाफेवरचं किंवा तव्यावरचं, आणि वाफाळतं असलेलं: इडली, कांदेपोहे, उपमा, आम्लेट-पाव, पिठलं-भाकरी. मिसळीला लोक उगाच नावं ठेवतात. मोडाची मटकी हे उत्तम अन्न आहे. तर्री कमी, फरसाण वेगळं मागा आणि पावाची दुसरी जोडी टाळा, की मिसळ ही प्रवासातली चांगली न्याहारी होते. राईस प्लेट घेतलीत तर वरण आणि उसळ दोनदा मागा, भात एकदाच. इडलीबरोबरची पातळ हिरवी चटणी, आधीच चिरून ठेवलेला कांदा, उघड्या पिंपातलं पाणी आणि बर्फ यांना हात लावू नका. बाहेरचं खाऊन पोट बिघडतं तेव्हा दोष मुख्य पदार्थाला दिला जातो, पण पुष्कळदा खोडी या बाजूच्या वाट्यांची असते.

गाडी चालवणाऱ्याचं ताट वेगळं असायला हवं. जेवल्यावर सुस्ती येते हे सगळ्यांना माहीत आहे. दुपारी दोन ते चार आणि मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत शरीराचं घड्याळ स्वतःच झोपेकडे ओढत असतं. या दोन वेळांत भरपेट जेवण पोटात असेल तर डोळा लागायला सरळ रस्त्याचे दोन किलोमीटरही पुरतात. म्हणून चालकाने थोडं थोडं, दर दोन-अडीच तासांनी खावं. अर्धी दशमी आणि चटणी, मूठभर फुटाणे, एक केळं. थाळी गावी पोचल्यावर. चालत्या गाडीत त्याला घास भरवू नका, गाडी थांबवा. चहा-कॉफीने तरतरी येते, पण ती यायला वीसेक मिनिटं लागतात. डोळे मिटायला लागले असतील तर कॉफी पिऊन गाडी बाजूला सुरक्षित जागी लावावी आणि तेवढा वेळ सरळ झोपावं. उठेपर्यंत दोन्हींचा गुण एकदम येतो.

भाड्याची गाडी असेल तर एक विचारून घ्या: ड्रायव्हरने काय खाल्लं आणि कधी झोपला? गिऱ्हाईक आणून देतो म्हणून हॉटेलवाले त्याला पोटभर जेवू घालतात, तेही फुकट. मग तोही ताव मारतो. त्याला आपल्याच डब्यातलं द्या, आपल्याबरोबर बसवा. रात्री दहाला निघणार असाल तर घरातून सातलाच मुगाची खिचडी किंवा वरणभात असं हलकं जेवून घ्या. मध्यरात्री दोनला हॉटेल उघडं दिसलं म्हणून पनीर आणि नान मागवायचं काही कारण नाही. त्या वेळी पोटही झोपलेलं असतं. ज्यांना समृद्धीने किंवा कोल्हापूरमार्गे गगनबावड्याने, फोंड्याने, आंबोलीने जायचंय त्यांनाही हेच लागू. समृद्धीवर तर मध्येच टपरीपाशी थांबायची सोयच नाही. ७०१ किलोमीटरच्या त्या रस्त्यावर ठरलेल्या ठिकाणीच उतरता येतं, म्हणून डबा आणि पाणी आणखीच जरूर.

पाण्याचा विषय नाजूक आहे, पण टाळून चालणार नाही. आपल्या घरातल्या बायका प्रवासाच्या दिवशी पाणी पीत नाहीत. सकाळी अर्धा कप चहा घेतात आणि गाव येईपर्यंत ओठ कोरडे ठेवतात, कारण वाटेत स्वच्छतागृह मिळेल याचा भरवसा नाही. लघवी तासन् तास अडवणं आणि पाणी न पिणं यातून मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, डोकं दुखतं, बद्धकोष्ठ होतो, आणि सणाचे पाचही दिवस वाया जातात. हा एकट्या बाईचा प्रश्न नाही. गाडी चालवणाऱ्याने दर दोन तासांनी, कोणी न मागता, पेट्रोल पंपावर गाडी घ्यावी. पंपावरचं स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी आणि हवा तिथे इंधन न भरणाऱ्यालाही फुकट मिळायला हवी, असा तेल कंपन्यांचा नियम आहे. कुलूप लावलेलं असेल तर किल्ली मागा. "आताच तर थांबलो होतो" हे वाक्य त्या दिवसापुरतं गाडीतून हद्दपार करा. उतरल्यावर पाच मिनिटं चालावं, म्हणजे तासन् तास लोंबकळलेल्या पायांत रक्त फिरतं आणि सूजही कमी येते.

हरतालिका करणारीसाठी दोन शब्द. साबुदाण्याची खिचडी हे जवळजवळ नुसतं पिष्ट, वर तूप. खाल्ली की जड वाटतं आणि दोन तासांत पुन्हा भूक. त्यापेक्षा उकडलेली रताळी, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाणे, खजूर, केळी आणि वाटेत शहाळं. शहाळं समोर फोडून दिलेलं असतं, पाण्याची चिंता नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र शहाळं आणि केळी डॉक्टरांना विचारूनच. निर्जळी उपास करण्याची रीत असेल तर घरातल्या मोठ्यांनी आधीच स्पष्ट सांगून टाकावं की गाडीत बसलेलीला, गरोदर असलेलीला, मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेणारीला ही रीत माफ. तिने एकटीने हा निर्णय घ्यायचा आणि मग गावी टोमणे ऐकायचे, असं व्हायला नको. सासूने फोनवर म्हटलेलं एक वाक्य इथे डॉक्टरच्या चिठ्ठीपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

मधुमेह्यांचं जेवण रांगेत अडकलं तर खरी पंचाईत होते. गोळी घेतली किंवा इन्सुलिन टोचलं आणि जेवण तीन तास लांबलं, की साखर खाली जाते. घाम, थरथर, चिडचिड, बोलण्यात गोंधळ ही लक्षणं दिसली आणि साखर ७०च्या खाली असली, तर तीन चमचे साखर पाण्यातून लगेच द्या. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, आणि सावरल्यावर दशमी किंवा शेंगदाणे खायला द्या. असा माणूस गाडी चालवत असेल तर आधी गाडी बाजूला, मग बाकी सगळं. साखरेची पुडी मागच्या डिकीत नको, खिशात हवी. इन्सुलिनही डिकीत किंवा डॅशबोर्डवर ठेवू नका. बंद गाडी उन्हात भट्टीसारखी तापते. वापरात असलेलं इन्सुलिन बहुतेक वेळा ३० अंशांच्या खाली ठेवावं लागतं, पण बर्फाला चिकटवून त्याला गोठवायचंही नसतं. पाण्यात भिजवून वापरायच्या थंड पिशव्या औषधांच्या दुकानात मिळतात.

मुलांची रड वेगळी. गाडी रांगेत थांबली की खिडकीशी वेफर्स आणि रंगीत बाटल्या घेऊन विक्रेते येतात, आणि आईबाप शांततेच्या मोबदल्यात सगळं घेऊन देतात. थंड पेयांत साधारण १०० मिलिलिटरला दहा-अकरा ग्रॅम साखर असते. अर्ध्या लिटरची बाटली म्हणजे दहाएक चमचे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसालाही दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत राहायला सांगते. त्याऐवजी कोकम सरबत किंवा लिंबू सरबत घरून न्या, साखर बेताची. आणि मुलांना डब्यातला खाऊ त्यांच्या हातात, त्यांच्या छोट्या डबीत द्या: चिक्की, कुरमुऱ्यांचा चिवडा, भडंग, मनुका. स्वतःच्या डबीतलं मूल हळूहळू खातं, पुरवून खातं.

घाटात उलटी होणाऱ्यांना उपाशी ठेवायची पद्धत चुकीची. रिकाम्या पोटीही तितकंच मळमळतं. निघण्याआधी तासभर कोरडं, थोडं काही खायला द्यावं, तेलकट आणि दूध टाळावं, पुढच्या सीटवर बसवावं, मोबाइल काढून घ्यावा. आलेपाकाच्या वड्या जवळ असू द्याव्यात, अनेकांना त्याने बरं वाटतं. उलटीवरच्या गोळीने झोप येते, तेव्हा चालकाने ती घेऊ नये.

उलट्या-जुलाब झालेच तर ओआरएसची पुडी हाताशी हवी. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र असं लिहिलेलं आहे ना, ते बघा. त्याच्या शेजारी मांडलेली गोड, फळांच्या चवीची खोकी म्हणजे ओआरएस नव्हे, त्यांत साखर फार असते. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. रक्त पडलं, लघवी थांबली, किंवा लहान मूल मलूल झालं, तर गाव गाठायची घाई सोडून वाटेतल्या पहिल्या सरकारी रुग्णालयाकडे गाडी वळवा. १०८ नंबरची रुग्णवाहिका राज्यभर फुकट आहे.

परतीच्या डब्याचा विचार तर कोणीच करत नाही. गौरी-गणपतीचं विसर्जन झालेलं, सगळे जागरणाने थकलेले, गाडीत नारळ, तवशी आणि पडवळ कोंबलेले. काकू प्रेमाने उरलेले उकडीचे मोदक डब्यात घालून देते. ते गाडीत बसायच्या आधी तिथेच खा. ओल्या खोबऱ्याचं सारण आणि तांदळाची उकड, दोन्ही दमट हवेत टिकत नाहीत. काकूकडे त्याऐवजी नाचणीची भाकरी आणि सुकी चटणी मागा, भाकरी पुरती गार झाल्यावर बांधून घ्या. आणि ज्याला गाडी चालवायची आहे त्याला विसर्जनाच्या रात्री भजनाच्या पहिल्या फेरीनंतरच झोपायला पाठवा.